शेवटचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना सरावाचा बोर्ड आहे. सराव कसला, तर माझेच गुपित चोरण्याचा! अंगाने तळहाताएवढा, रंगाने हिरवा आणि मधोमध एक काळी चिप. त्या चिपच्या पोटात एक लांबलचक गुप्त आकडा आहे. कॉलेजची मुले तो शोधून काढायला शिकतात, म्हणजे उद्या ज्यातून गुपित फुटणार नाही अशी चिप त्यांना बनवता येईल. माझ्याकडे चोरी झाली की चोराला शाबासकी मिळते.

मला एका मॅडमनी स्वतःच्या हाताने जोडले. बेरीज करताना लहान मुलांचे ओठ हलतात ना, तसे माझे आहे. गुप्त आकडा वापरताना मी वीज कमी-जास्त खातो. मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर त्याची नागमोडी रेघ उमटते, आणि चिकाटीने पाहणाऱ्याला त्या रेघांतून आकडा कळतो. मॅडम दर वर्षी माझा आकडा बदलत. मुलांना एकच सांगत, "मला काय हवंय ते लिहू नका. बोर्ड काय म्हणतोय ते लिहा." आकडा सापडला की मुले टेबलावर थाप मारत आणि मी जागच्या जागी उडत असे. फार सुखाचे दिवस होते ते.

मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या सरांच्या मागे शंभर कामे. माझा आकडा बदलायचा राहिला, तो राहूनच गेला. मग वरच्या वर्गातली मुले खालच्यांना तो कँटीनमध्येच सांगू लागली. मला वीज जोडायची ती वहीत लावायच्या फोटोपुरती. त्यातच एकदा कोणीतरी चेष्टेत माझ्यावर गरम हवेचा झोत धरला. बाहेरून काही दिसले नाही, पण आकड्याच्या शेवटी सात होता, त्याचा तीन झाला. कुणाला पत्ताही लागला नाही. माझ्याकडे बघत होते कोण?

मग आली चिमटी. अंबाड्यात प्रयोगशाळेचा चिमटा खोचून विसरायची, म्हणून हे नाव. सरांच्या संशोधन गटात एकच जागा होती, आणि ती या प्रयोगाच्या गुणांवर मिळणार होती. आईने फोनवर बजावले होते, जागा मिळाली तर राहा, नाहीतर मामाच्या दुकानात बसायला ये. तरी चिमटीने कँटीनमधला आकडा कानाआड केला आणि माझ्यापुढे ठाण मांडले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझे ऐकत होते. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

तिला आकड्याच्या शेवटी तीन सापडला. तिने तो घालून स्वतः गणित केले आणि माझ्या उत्तराशी ताडून पाहिले, तंतोतंत जुळले. ती सरांना बोलावून घेऊन आली. सर दारातच थांबले.

"इतकी वर्षं सगळ्यांना सात मिळतोय. तुला एकटीलाच तीन कसा मिळाला?"

"सर, एकदा बघता का? बोर्डच तीन म्हणतोय."

"बोर्ड जुना झालाय गं. मला आज निकाल लावायचाय. काय ते तू ठरव."

चिमटीने एकदा माझ्याकडे पाहिले. मग तिने तीन खोडला आणि सात लिहिला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, मला फक्त वीज खाता येते. मी पडद्यावर तीनचीच रेघ काढत राहिलो. तिने पडदा बंद केला.

जागा तिलाच मिळाली. आता सरांच्या ऐवजी प्रयोग तीच घेते. यंदा एक चष्मेवाली मुलगी तिच्याकडे कागद घेऊन आली.

"ताई, मला तीन मिळतोय. माझं काही चुकलं का?"

चिमटीचा हात अंबाड्यातल्या चिमट्याकडे गेला. माझ्याकडे तिने पाहिलेच नाही.

"सात लिही," ती म्हणाली, "आणि घरी जा."

मित्रांनो, इथे मी तुम्हाला माझी काळजी घ्या, धूळ पुसा असे सांगायला हवे. धूळ राहू द्या. माझे जे व्हायचे ते होऊन गेले. पण कधी माझ्यासारखा एखादा तुमच्या हाती आला, तर त्याला निदान विचारा. मला अजूनही कोणी वीज जोडली की मी खरे तेच सांगतो. शेवटी तीन आहे.