धोंडसावरची झाकणी

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी झाकणी. आधीच सांगते, माझं डोकं तापट आहे. तापणार नाही तर काय? जन्मभर माणसांनी त्यावर निखारे ठेवलेत!

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोके खाऊन मी घडले. निखारे घरंगळू नयेत म्हणून माझा काठ उभा ठेवला होता. गोदूबाईंनी मला घरी आणलं ते धोंडसासाठी. धोंडस म्हणजे तांदळाची कणी, गूळ, काकडी आणि मसाला एकत्र करून, खाली-वर विस्तव ठेवून भाजलेला गोड पदार्थ. तुमच्या भाषेत केक म्हणा. तो छान उतरला की कौतुक पातेल्याचं! मला मात्र चिमट्यानं उचलायचं आणि कोपऱ्यात आदळायचं. असो.

पुढे, पानिपतानंतर दोन वर्षांनी, पुणं लुटलं गेलं. गनीम यायच्या आधी लोकांनी भांडी आडात लपवली. मलाही लपवलं, म्हणजे चक्क फेकलं. चार महिने मी गाळात, आणि उरावर तो मेला हंडा! बाहेर निघाले ती काठ वाकवून घेऊनच.

लुटीनंतर दोन वर्षांनी धोंड्याचा महिना आला, म्हणजे अधिकमास. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, कारण वाणाला जाळीदार पदार्थ लागतो. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. धाकटे जावई श्रीनिवासराव दुसऱ्या दिवशी मोहिमेवर निघणार होते. सूर्य मावळला की वाण थेट तीन वर्षांनी! आणि घरात तूप किती? पळीभर. त्यात अनारसे तळायचे होय? आदल्या दिवशी फडताळात सापडली होती थोडी कणी, काळपट गूळ, सुंठेचा तुकडा, अर्धं जायफळ आणि तीन वेलदोडे. परसात पिकून पिवळी झालेली एकुलती एक काकडी होती.

"धोंडस करू," गोदूबाई धाकट्या लेकीला, आनंदीला म्हणाल्या. "कणी कालच ताकात भिजवली आहे. मंद आच लागली तर जाळी पडेल."

"आणि नाही पडली तर?"

"पडायलाच हवी."

हा हट्ट कशापायी, ते मला ठाऊक होतं. थोरले जावई उत्तरेत निघाले तेव्हाही धोंड्याचाच महिना होता. वाण द्यायचं राहून गेलं, आणि ते पानिपतावरून परतलेच नाहीत. वाण चुकलं म्हणून जावई गेला, हे गोदूबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

पातेलं चुलीवर चढलं, मी पातेल्यावर, निखारे माझ्यावर. आता एकच पथ्य पाळायचं होतं, मला हलवायचं नाही. पण घरात यजमान होते ना, आप्पासाहेब! जन्म सरकारी दप्तरात गेलेला. कागद स्वतः उलगडून पाहिल्याशिवाय विश्वास म्हणून नाही. सोवळं नेसून, चिमटा घेऊन हजर.

"बघू, फुगलंय का?" उचललं मला. फुगत आलेलं फसकन बसलं.

थोड्या वेळानं पुन्हा. "करपल्याचा वास येतोय." वास कसला डोंबलाचा! पुन्हा उचललं, वर राख सांडली ती वेगळीच. मी मनात म्हटलं, अहो शहाणे, मला गप्प बसू दिलंत तरच ते फुगेल ना!

तिसऱ्यांदा चिमटा पुढे आला आणि गोदूबाईंनी त्यांचा हात धरला. जन्मात ज्यांनी नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता, त्या कडाडल्या, "पुरे झालं! तेव्हाही तुम्हीच म्हणालात ना, परत आल्यावर देऊ, जावई काय पळून चाललाय?"

आप्पासाहेबांच्या हातून चिमटा गळून पडला, तोही माझ्याच काठावर.

"म्हणून तर बघतोय गं," ते म्हणाले. "पाच वर्षं धड झोप नाही मला. या खेपेला तरी..."

आणि मी इतका वेळ त्यांना शिव्या घालत होते! मला माझीच लाज वाटली.

नंतर ते पाटावर बसून राहिले. दोन घटका माझ्याकडे टक लावून पाहिलं, पण बोट लावलं नाही. उन्हं भिंतीवर चढली तेव्हा गोदूबाईंनी मला हळूच उतरवलं. मधे खळगा पडला होता, ती आप्पासाहेबांची कृपा. पण कडेनं बारीक, सुरेख जाळी! तिथलेच जेमतेम तेहतीस तुकडे निघाले.

"सासुरवाडी फारच सढळ हाताची बुवा," तुकड्यांचा आकार पाहून श्रीनिवासराव म्हणाले. मग उरलेला खळगाही त्यांनी मागून घेतला आणि राखेसकट चाटूनपुसून खाल्ला.

त्या दिवशी आप्पासाहेबांनी मला स्वतः चिंचेनं घासलं. घासता घासता ते रडले, अगदी मोकळेपणानं. श्रीनिवासराव दिवाळीआधी सुखरूप परतले. धोंडसामुळे की नशिबानं, देव जाणे.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून ठेवा, आपटू नका, हे तर मी सांगणारच. पण घरातलं एखादं माणूस सारखं लुडबुड करून वीट आणत असेल, तर हवं तर ओरडा त्याच्यावर. मग मात्र जवळ बसून विचारा, कशाची भीती वाटते आहे? त्या घरात पाच वर्षं आप्पासाहेबांना कुणी विचारलंच नव्हतं.