दुडकी

"मोहियुद्दीनभाई, आज तुमची घोडी जरा मागेच ठेवा हां. मला श्रीवर्धनला जायचंय!" नौशाद शेजारच्या गाडीतून ओरडला.

"आणि मी काय दापोलीला जायचं नाय?"

सौदीतल्या अल खर्जजवळच्या त्या खासगी फार्मवर सहा जण शर्यतीच्या गाड्या हाकत. लढाई पेटल्यापासून सहाही जणांनी सुट्टी मागितली होती आणि सहाही पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे त्यांना कामावर आणणाऱ्या मालकाच्या, तिजोरीत होते. शेवटी त्याने सांगून टाकलं, गुरुवारची शर्यत जिंकेल तो घरी जाईल, बाकीचे राहतील. तिकडे दापोलीहून मोहियुद्दीनची बायको खैरुन्निसा फोनवर रोज ओरडत होती, "ते गॅसचे मास्क-बिस्क ऱ्हाऊ द्या तिथंच. तुम्ही या आधी."

शर्यत दुडक्या चालीची. गाडीला जुंपलेला घोडा चौखूर उधळला, तर त्याला बाहेरच्या कडेला घ्यायचं आणि पुन्हा दुडकीवर आणायचं, मग कितीही मागे पडा. उधळलेल्या घोड्यानिशी पुढे गेलात तर बाद. मोहियुद्दीन नऊ वर्षं हे करत होता.

दुसऱ्या फेरीत तो सगळ्यांच्या पुढे होता. तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. पाठोपाठ दोन विमानं डोक्यावरून इतकी खालून गेली की सहाही घोडे एकदम चौखूर सुटले. मिसरी पंच मनोऱ्यावरून उतरून तळघराकडे धावला, त्याच्या पुढे कफील. मोहियुद्दीनला हे सगळं दिसलं. आता बघणारं कोणी नव्हतं. घोडी नुसती पळू द्यायची होती.

त्याने लगाम ओढला. घोडी कडेला आली, फुरफुरली, आवरली. नौशाद धुरळा उडवत पुढे गेला, मागोमाग बाकीचे चौघं. मोहियुद्दीन शेवटचा आला, दुडक्या चालीने, रिकाम्या मनोऱ्यासमोरून.

"कोण बघत होतं तुम्हाला?" नौशाद जिंकूनही चिडला होता. "सोडायची नाय?"

"सोडणारच होतो रे. हात ऐकले नायत."

धोका टळल्यावर कफील वर आला. "पहिला कोण?" त्याने एवढंच विचारलं. पाच बोटं नौशादकडे वळली. त्यांत मोहियुद्दीनचंही होतं.

"खलास, ठरलं," कफील म्हणाला.

शनिवारी नौशाद गेला. त्याचा घोडा मोहियुद्दीनकडे आला. दहा पावलं नीट दुडकला की तो चौखूर सुटे. मोहियुद्दीन त्याला कडेला घेई, आवरी, पुन्हा चालीवर आणी. आकाशात विमानं येत-जात होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या मोकळ्या मैदानावर दोघं तेवढंच करत राहिले.