आण्णांच्या शेजारची सीट

गाडीला काचा बसवायची वेळ आली तेव्हा सयाजीनं आण्णांचे एक्स-रे मागितले.

दीप्ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच वर धरून ती वळली. "ते कशाला?"

"फिल्म झकास असती गं. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून धुतली की काळं समदं निघून जातंय. पुढच्या काचेला गोलाई पायजे, ती दुसऱ्या कशाला येत न्हाय."

"अहो, बाजारात मिळेल की दुसरं काहीतरी."

"घरात पडलंय ते सोडून बाजारात कशाला जाऊ?" म्हणत तो स्वतःच कपाटाकडं गेला.

परसात बादली मांडून त्यानं फिल्म बुडवली. काळा रंग शाईसारखा सुटला आणि सासऱ्यांची छाती हळूहळू पाण्यात विरली. आधी बरगड्या गेल्या, मग ज्या डागाकडं बोट दाखवून दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान हलवली होती तो डागही गेला. तीन वर्षांचा ऋतुराज बादलीत हात घालायला धावला. दीप्तीनं त्याला पिठाच्या हातांनीच मागं ओढलं. कॉस्टिकनं हात भाजतो म्हणून ओढलं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सयाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होता. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो बनवणारा. हात असा की मालक लोक त्याच्यासाठी थांबून राहायचे. पण वडील गेल्यावर त्याची वाचाच बसली. उचगावच्या घरी यायचा, जेवायचा, भिंतीकडं बघत बसायचा. मग एक दिवस तो सागवानाचा ठोकळा घेऊन आला आणि म्हणाला, "आण्णांची गाडी करणार हाय. एकास दहा मापात." तेव्हा दीप्तीला बरंच वाटलं. माणूस कशात तरी गुंतला.

आण्णांची गाडी म्हणजे क्रीम रंगाची अँबॅसिडर. तिच्यावर त्यांनी आख्खा जन्म काढला. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला भाडी मारली, निम्म्या गावाच्या नवऱ्या तिच्यातनं सासरी पोचवल्या. आण्णा दवाखान्यात असतानाच ती भंगारात गेली. इंजिन बसलं होतं, दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आण्णांना मात्र सगळ्यांनी गाडी गॅरेजला लावलीय म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवसापर्यंत ते विचारत होते, "आली का रं गाडी?"

ती आता मागच्या खोलीतल्या टेबलावर उभी राहत होती, पाटाएवढी. सयाजीनं काही म्हणून सोडलं नाही. चारी दारं उघडायची, डिकी उघडायची, स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. बंपर पितळी पत्र्याचा करून त्याला निकेल चढवून आणलं होतं. जुन्या सीटकव्हरचा तुकडा आक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, कधीतरी पायपुसणं करायला ठेवला होता. त्याच रेक्झिनच्या सीटा शिवल्या. डाव्या मडगार्डला पेठ वडगावच्या बाजारात बैलगाडी घासून पडलेला पोचा होता, तोही त्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून आणि पॉलिश पेपर मारून हुबेहूब उठवला. कुणी नवीन वस्तू करताना तिची इजासुद्धा करून ठेवावी, हे दीप्तीला जरा विचित्रच वाटलं. 

मध्येच एकदा त्यानं ऋतूला लहान स्टुलावर बसवून कॅलिपरनं मापलं. खांदे, बसकी उंची, गुडघ्यापर्यंतची मांडी. पोरगं गुदगुल्यांनी खिदळत होतं.

"कपडे शिवताय का त्याला?" दीप्तीनं हसत विचारलं.

 सयाजी खडूनं फरशीवर आकडे लिहीत राहिला.

*

आकाराम एका रविवारी आला. तो सयाजीचा जोडीदार, लेथवर काम करायचा. रबरी बुशातनं कातून त्यानं गाडीचे टायर आणले होते. दीप्ती चहा घेऊन मागच्या खोलीत गेली तेव्हा तो गाडीपाशी उकिडवा बसून नखानं पुढचं दार उघडत होता.

"आयला! आण्णा बसल्यात की सायबासारखं! टोपीबिपी घालून!" मग त्यानं आणखी वाकून बघितलं. "आनि ह्यो ऋतू व्हय? म्हंजे शब्द पाळलास गड्या तू."

दीप्तीनं कपबशी खाली ठेवली आणि वाकली. स्टेअरिंगवर आण्णा होते. बोटाएवढे, पण आण्णाच. एक खांदा खाली, मान किंचित रस्त्याकडं. आणि शेजारच्या सीटवर लाल शर्टातला पोरगा. त्याचे पाय सीटच्या कडेपर्यंतसुद्धा पोचत नव्हते.

"कसला शब्द?" तिनं विचारलं.

सयाजीनं आकारामकडं असं बघितलं की तो चहाच प्यायला लागला. पण आकारामच्या तोंडात काही राहत नाही हे आख्ख्या उद्यमनगराला ठाऊक होतं. दीप्ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली आणि तिथंच उभी राहिली.

"तुम्हाला म्हाईतच न्हाय व्हय वैनी? बाया घाटावर येत न्हाईत, म्हणून न्हाय कळलं असंल." त्यानं आवाज खाली आणला. "दहाव्याला कावळा शिवंना. पंचगंगेवर आमी समदी ताटकळून बसलोय, उन्हं डोक्यावर आली. आक्काला सांभाळतो म्हणाला सयाजी, न्हाय. भावकीत भांडान करनार न्हाय म्हणाला, न्हाय. कावळं झाडावर, बघत्यात नुस्तं. शेवटी रडाय लागला ह्यो. म्हणाला, आण्णा, तुमची गाडी परत आणतो, आनि ऋतूला तुमच्या शेजारी बसवून धाडतो. म्हणाय अवकाश, कावळा खाली! भाताला चोच मारली की वो."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू विझलं. "बोलायची पद्धत असती वो. तसं काय मनावर घिऊ नका."

धाडतो. दीप्तीला तेवढा एकच शब्द ऐकू आला.

ती काही अडाणी नव्हती. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली होती. कावळा भाताला येतो, भूक लागली की येतो, हे तिनं दुसऱ्या कुणालाही सहज सांगितलं असतं. तिनं ते स्वतःलाही सांगितलं, दिवसातनं कितीदा तरी. पण सांगून झालं की ती उठून ऋतूच्या कपाळाला हात लावायची.

आणि कपाळ तापलेलं असायचं. रंगाचे हात सुरू झाल्यापासून पोराला खोकला लागला होता. प्रायमर झाला, ड्यूको रंगाचा एक हात झाला, तो वाळला की पाण्याचा पेपर मारून दुसरा. थिनरचा वास घरभर. बारीक ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. गावातले डॉक्टर म्हणाले, "घरात रंगकाम आहे का? मग पोराला लांब ठेवा त्या वासापासून." दीप्तीनं ते वाक्य दोन्ही हातांनी धरून ठेवलं. थिनर. नुसता थिनर. तिनं मागच्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली, ऋतूचं अंथरूण आक्कांच्या खोलीत हलवलं, खिडक्या उघड्या टाकल्या. ताप कमी झाला, पण गेला नाही.

वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं. ऋतूला तेल लावताना तिची बोटं त्याच्या मानेपाशी अडखळली. मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेला येऊ नये अशा जागी, एक बट कापलेली होती. सरळ, धारदार कात्रीनं कापतात तशी.

*

मागच्या खोलीत सयाजी गाडीला पॉलिश मारत होता. काम संपलं होतं. खिडकीतनं येणारं दुपारचं ऊन बॉनेटवर पडलं होतं आणि खोलीत खरी गाडीच उभी असल्यासारखं वाटत होतं. मागच्या काचेवर, आण्णांच्या एक्स-रेवर, बारीक लाल अक्षरात 'चांगभलं' लिहिलेलं. कितीतरी महिन्यांनी सयाजीच्या तोंडावर समाधान होतं.

"बघ की दीप्ती. आण्णांनी बघाय पायजे हुती."

"ऋतूला काढा त्यातनं."

त्याचा फडका थांबला. "त्यो ऋतू न्हाय. लाकूड हाय."

"लाकूड आहे तर काढा."

"लाकूड हाय तर ऱ्हाऊ दे की!"

"मग त्याच्या डोक्यावर केस कुणाचे आहेत?"

 बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आख्ख्या भावकीसमोर शब्द दिलाय मी. मेल्या माणसाला दिलेला शब्द हाय. गाडीचं खोटं बोललो त्यास्नी, तेवढं फेडाय पायजे मला."

"फेडा ना. तुमचं तुम्ही फेडा. माझ्या पोराला कशाला देताय?"

"देतोय कुठं? परवा श्राद्धाला गाडी नदीत सोडायची, झालं."

"आणि तो तिच्यात बसलेला."

"अगं, शिकल्याली हाईस तू. तुला भ्या वाटावं?"

"तुम्ही मानता म्हणून मला भीती वाटते," दीप्ती म्हणाली.  "तुम्हाला हे नुसतं लाकूड वाटत असतं, तर तुम्ही पोराची बट चोरून कापली नसती."

टेबलावर पटाशी पडली होती, लाकूड कोरायची. ती दीप्तीच्या हातात कधी आली ते तिलाही कळलं नाही. सयाजी गाडीच्या आडवा आला. असा दोन्ही हात पसरून, जसा कुणी आपल्या लेकराच्या आडवा येतो. 

"पोरी, फोडू नगंस," मागनं आवाज आला. "दार उघडतंय की तिचं."

उंबऱ्यात आक्का उभ्या होत्या. गुडघे धरत, कण्हत त्या आत आल्या आणि टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या. नखानं पुढचं दार उघडलं. नवऱ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"नाक चुकलं बग. एवढं सरळ नव्हतं," त्या म्हणाल्या. मग, "सयाजी, पोराला भाईर काढ."

"आक्का, चिकटिवलंय पक्कं. आनि आण्णांला—"

"आण्णाला मी बघती. एवढी वर्सं कोन बघत हुतं?" त्यांनी पदर खोचला. "फुडच्या सीटवर बसवलं का रं त्यानं मला कदी? लगीन हून आले ती मागं, म्हायेराला गेले ती मागं. फुडं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक नसंल तर त्याचा डबा फुडं! म्या म्हणायची, डब्याला तरी मागं ठिवा. तर म्हणायचा, सांडतंय." त्या हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. सयाजीही नकळत हसला. "माझी जागा हाय ती. मला बसीव."



आक्कांनी अंबाडा सोडला. पांढऱ्या केसांचा बारीक शेपटा खांद्यावर पडला. त्यांनी कात्रीसाठी हात पुढं केला. तो दीप्तीकडं केला. सयाजीही दीप्तीकडंच बघत होता. ती काहीतरी म्हणेल म्हणून दोघंही वाट बघत होती. असलं काहीतरी काय आक्का, एवढंच म्हणायचं होतं. सून काय, शेजारीणसुद्धा म्हणाली असती.

शेजारच्या खोलीत ऋतू खोकला.

दीप्तीनं शिलाईच्या डब्यातली कात्री आणून दिली. "आक्का म्हणतात तसं करा," ती नवऱ्याला म्हणाली.

लाकडी पोरगा निघताना बुडाशी रेक्झिनचा तुकडा घेऊनच निघाला. सयाजीनं संध्याकाळपर्यंत बसून आक्कांची मूर्ती कोरली, जुन्या लुगड्याची चिंधी नेसवली, डोक्याला पांढरे केस लावले. आक्का समोर बसून होत्या. "जरा जाड कर," म्हणत होत्या. "एवढी वाळल्याली न्हाय मी अजून." दीप्ती लाकडी ऋतूला मुठीत घेऊन घरभर फिरत राहिली. चुलीत घालवेना. टाकवेना. जपून ठेवायचीही भीती वाटत होती. शेवटी तिनं केस उपटून काढले आणि तो आपल्या ट्रंकेत, डिग्रीच्या सर्टिफिकेटाखाली ठेवला.

*

श्राद्धाच्या दिवशी आक्का हट्टानं घाटावर गेल्या. दीप्ती ऋतूला मांडीवर घेऊन घरात थांबली. दुपारी पुरुष माणसं परत आली तेव्हा आकाराम दारातनंच सांगत आला, "काय गाडी हुती वैनी! दम खाऊन तरंगली, धारेला लागली. मग दारातनं पानी शिरलं, तशी नाक खाली घालून गेली. वळणावर आण्णा घालायचं तशीच."

सयाजी पोटभर जेवला. भिंतीकडं न बघता जेवला. आणि ऋतूचा ताप त्या दिवशी उतरला. खोकलाही थांबला. रंग वाळून आठवडा झाला होता, वास गेला होता, खिडक्या उघड्या होत्या. कारणं सगळी होती. दीप्तीनं ती मनात एकेक करून मांडली.

पाहुणे गेल्यावर आक्कांनी तिला आत बोलावलं. त्या पलंगावर बसल्या होत्या, आंघोळ करून, ओले केस पाठीवर. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी तो पुढं धरला. आजवर त्या झोपतानासुद्धा तो काढत नसत.

"धर. लोखंडी कपाटाची मोठी. आतल्या कप्प्यात नथ हाय माझी, ऋतूच्या बायकोला द्याची. तू नगं घालूस, तुझ्या नाकाला शोबायची न्हाय."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच ठसकेबाज होता. डोळे मात्र खिडकीबाहेर होते, रस्त्याकडं, कुणी गाडी घेऊन यायचं असल्यासारखे.

असं काय बोलता, तुम्हीच घालाल की तिला तुमच्या हातानं. वाक्य दीप्तीच्या जिभेवर आलं होतं. बाहेर ऋतू पाट ढकलत होता, तोंडानं हॉर्न वाजवत होता, मधूनच मोठ्यानं हसत होता. हे वाक्य आपण बोललो तर आण्णांशेजारची ती सीट पुन्हा रिकामी होईल, असं तिला वाटलं.

आक्का थांबल्या होत्या. बराच वेळ थांबल्या.

दीप्तीनं हात पुढं केला आणि किल्ल्या घेतल्या.