डावा हात जावयाचा, उजवा सासूबाईंचा

सलूनमधल्या ओल्या फरशीवर पाय घसरून जावई पडला, तो नेमका उजव्या हातावर. मनगट मोडलं. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर चढलं आणि डॉक्टरांनी बजावलं, "कात्रीला हात लावायचा नाही." उभं आयुष्य लोकांच्या डोक्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं होतं, ऐकणं अवघड. दुकान भागीदाराने सांभाळायला घेतलं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिला रजा मिळेना. तेव्हा तिने आपल्या आईला बोलावून घेतलं.

सासूबाई एक बॅग घेऊन आल्या आणि पाहुण्यासारख्या सोफ्याच्या कडेला टेकल्या. त्यांची नोकरी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात झाली होती. तिथे कागद कापायच्या यंत्रात एकदा डावा अंगठा सापडला होता. तो राहिला, पण तेव्हापासून वाकत नसे. जावयाशी त्यांचं बोलणं म्हणजे "बरं आहे ना?" आणि "हो, तुमचं?" एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी दोघं समोरासमोर आले की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे बसत.

पहिली दुपार तशीच गेली.

"जेवलात का पोटभर?"

"जेवलो."

"पाणी देऊ?"

"नको."

मग पंख्याचा आवाज. सासूबाईंनी चष्मा पुसला. जावयाने प्लास्टरकडे पाहिलं. सासूबाईंनी पुन्हा चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी हाताखाली ठेवायला जास्तीची उशी हवी होती, म्हणून सासूबाई स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावर चाचपू लागल्या. उशी सापडली नाही, पण एक खोकं हाताला लागलं. त्यात लेकीचा कॉलेजच्या दिवसांतला गेमचा कन्सोल होता, वायरींचा गुंता होता, एकुलता एक कंट्रोलर होता आणि एक डिस्क होती. डिस्कच्या वेष्टनावर काळा किल्ला, त्यामागे चंद्र आणि समोर पांढऱ्याफटक चेहऱ्याचा, लाल ओठांचा माणूस.

"हा कोण? आजारी दिसतोय," सासूबाई म्हणाल्या.

"व्हॅम्पायर आहे, आई. रक्त पितो."

"अगं बाई! आणि आमची कार्टी अभ्यास करते म्हणून खोलीत बसायची!"

वेळ तर घालवायचाच होता. जावयाने डाव्या हाताने, सासूबाईंनी उजव्या हाताने, असं करून पिवळी, पांढरी आणि लाल पिन टीव्हीला लावली. कन्सोल घरघरला, खरखरला आणि गप्प झाला. सासूबाईंनी डिस्क काढून पदराने हलक्या हाताने पुसली. तरी नाही. शेवटी त्यांनी कन्सोल उचलून कुशीवर उभा केला. आत काहीतरी खुट्ट झालं आणि पडद्यावर वीज चमकली.

गोष्ट अशी होती, की किल्ल्यातला उमराव माणसं पळवून नेई आणि त्यांचं रक्त पिऊन जगे. एक मुलगी आपल्या भावाला सोडवायला तिथे निघाली होती. हातात चांदीची साखळी, कमरेला कंदील.

"एकटीच?" सासूबाईंनी विचारलं.

"एकटीच."

"घरच्यांनी सोडलीच कशी?"

जावई खेळू लागला. डाव्या अंगठ्याने मुलीला पळवता येत होतं, डाव्या तर्जनीने ढाल वर करता येत होती. पण साखळी मारायची, उडी घ्यायची, ती सगळी बटणं उजवीकडे. त्यामुळे मुलगी नुसतीच पळत होती. वटवाघळांनी तिला पहिल्याच अंगणात लोळवलं. मग पुन्हा. मग पुन्हा. सासूबाई चष्मा पुसत बघत होत्या. अखेर त्यांना राहवेना.

"तुम्ही नुसते पळताय. मारत का नाही?"

"मारायला उजवा हात लागतो, आई."

"मग माझा आहे की!"

सोफ्यावर मध्ये एक उशी आली, उशीवर कंट्रोलर आला. डावीकडे जावई, उजवीकडे सासूबाई. त्यांचा डावा अंगठा अडला होता, याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. संध्याकाळी लेक घरी आली, दारातच थबकली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून हसत सुटली. "वा! दोघांचं मिळून एक धड माणूस झालं म्हणायचं!"

पण धड माणूस इतक्या लवकर होत नसतो. पहिले काही दिवस दोघं मर्यादेनेच मेले.

"उडी मारू का?"

"मारा ना, आई."

"मारते हं."

एवढं होईपर्यंत मुलगी खंदकात गेलेली असे. "माझं चुकलं," सासूबाई म्हणत. "नाही नाही, मीच जरा लवकर पळालो," जावई म्हणे. पडद्यावर मुलीचं प्रेत आणि सोफ्यावर हा शिष्टाचार.

हे सगळं एका दगडी पुलावर संपलं. पुलावर भाले घेतलेले पुतळे होते, जवळ गेलं की जिवंत होणारे. जावई नेहमीसारखा पुढे निघाला आणि सासूबाई एकदम ओरडल्या, "अरे थांब ना गाढवा!"

जावई थांबला. भाला मुलीच्या नाकासमोरून सप्पकन गेला. सासूबाईंनी साखळी फिरवली, पुतळ्याचा भुगा झाला. मग आपण काय बोललो ते ध्यानात आलं. सासूबाईंनी जीभ चावली.

"मी तिला म्हटलं. त्या मुलीला."

"मुलीला गाढवा म्हणत नाहीत, आई," जावई म्हणाला. "मलाच म्हणालात. आणि त्यामुळेच वाचलो. इथून पुढे असंच बोला."

"जावयाला?"

"सोफ्यावर असेपर्यंत मी जावई नाही, डावा हात आहे."

त्या दुपारी त्यांनी पूल पार केला, घंटाघर पार केलं, थडग्यांचं तळघर पार केलं. "डावीकडे जा मेल्या!" "आई, मारा, मारा, हाणा त्याला!" "ढाल! अरे ढाल कुठे गेली तुझी?" असा कल्ला सुरू झाला. मध्येच चहाला उठले की मात्र आपोआप "साखर पुरेशी आहे ना तुम्हाला?" सुरू होई, आणि दोघांनाही हसू येई. हळूहळू सासूबाईंच्या तोंडचं चहाच्या वेळचं "तुम्ही"सुद्धा गळून पडलं. बोलता बोलता सासूबाईंनी यंत्रात अंगठा सापडला त्या दिवसाची हकीकत सांगितली, जी लेकीलाही नीट ठाऊक नव्हती. जावयाने सांगितलं की हात पूर्वीसारखा चालेल की नाही या भीतीने त्याला झोप येत नाही. हे तो बायकोशीही बोलला नव्हता. सासूबाईंनी त्याला धीराचे शब्द दिले नाहीत. "माझा अंगठा गेला, तेव्हा मला वाटलं आता घरी बसले," त्या म्हणाल्या. "रडले, चिडले, आणि मग दुसऱ्या पद्धतीने पानं धरायला शिकले. तूही शिकशील. चल, उमराव राहिलाय अजून."

असं करत करत ते उमरावाच्या दरबारात पोचले आणि तिथेच अडकले.

"तिथे मीही अडकले होते," लेक म्हणाली. आता ती हसत नव्हती. "अख्खी सुट्टी घालवली त्याच्यापायी. तो धरतो आणि रक्त प्यायला लागतो. आपली ताकद जाते, त्याची भरते. सुटायला डावं-उजवं, डावं-उजवं बटण पटापट दाबावं लागतं. मला कधी जमलंच नाही. शेवटी कंटाळून खोक्यात भरला."

उमराव उंच, सडपातळ, अंगावर जमिनीवर लोळणारा झगा. सासूबाईंनी त्याचं नाव "पांढरा" ठेवलं होतं. पांढऱ्याने त्यांना इतक्यांदा प्यायलं की त्या झोपेतही साखळी फिरवू लागल्या.

मग प्लास्टर निघालं. आतला हात बारीक, फिकट आणि कडक झाला होता. बोटं जेमतेम मिटत होती. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, व्यायाम करा, हात परत येईल. घर हलकं झालं. सासूबाईंनी परतीची तयारी केली. रविवारी संध्याकाळी त्या निघणार होत्या, आणि पांढरा अजून जिवंत होता.

रविवारी सकाळी लेक घरीच होती. तिला जुनी खुमखुमी आली. "आई, सरक. उजवी बाजू मी घेते. आम्ही नवरा-बायको आहोत, आमचं जमेल."

जमलं नाही. ती म्हणे पुढे जा, हा म्हणे आधी मार. दोघं एकाच वेळी बरोबर होते आणि एकाच वेळी मेले. दुसऱ्या खेपेला पांढऱ्याने धरलं, तेव्हा दोघांनी एकदमच बटणं दाबली. तिसऱ्या खेपेला विषय उमरावावरून परवाच्या लाइटबिलावर गेला.

"ऊठ," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "तू मशिन धरून बस. ते मध्येच अडकतं."

लेक टीव्हीखाली मांडी घालून बसली आणि तिने कन्सोल दोन्ही हातांनी कुशीवर धरला. सासूबाईंनी पदर खोचला. जावयाने दुखरा हात मांडीवर ठेवला आणि डावा अंगठा कंट्रोलरच्या काडीवर.

पांढरा सिंहासनावरून उतरला. लाल धुकं आलं, ढाल वर गेली. झगा उडाला, साखळी फिरली. "मागे ये! मागे! आता जा!" मुलगी खांबाआडून निघाली, वार करून परतली. निम्मी लढाई झाली, तेव्हा पांढऱ्याच्या पाठीतून पंख फुटले आणि चित्र गोठलं. कन्सोल खरखरू लागला. लेकीने कन्सोल किंचित कलता केला, आत खुट्ट झालं आणि पंख फडफडले.

"शाब्बास गं!" सासूबाई ओरडल्या.

पंखवाला पांढरा छतावरून झेपावला आणि त्याने मुलीला धरलं. दात मानेला लागले.

"तू!" सासूबाई म्हणाल्या. जावयाने दाबलं.

"मी!" त्यांनी दाबलं.

"तू! मी! तू! मी! तू! मी!"

दोघांचा एक ताल लागला. खालून लेकही ओरडू लागली, "तू! मी! तू! मी!" आणि मुलगी सुटली! पांढरा मागे कोलमडला. मुलीच्या अंगात केसभर जीव उरला होता. दरबाराच्या तिन्ही खिडक्यांवर जाड पडदे होते आणि त्यांच्या कडांतून पहाटेची तांबूस रेघ आत येत होती. इतक्या दिवसांत ती त्यांना दिसलीच नव्हती, कारण इतका वेळ ते जगलेच नव्हते.

"आई, पडदे!"

"पळ! तू पळ, मी पाडते!"

जावई पळाला. पहिला दोर, साखळी, पडदा खाली. पांढरा किंचाळला. दुसरा दोर. मागून पंखांचा आवाज. "ढाल!" "घेतली!" पडदा खाली. तिसऱ्या खिडकीपाशी पांढरा आडवा आला. जावयाने मुलीला थेट त्याच्याच अंगावर नेलं.

"अरे कुठे चाललास?"

"उडी मारा, आई! त्याच्या डोक्यावरून!"

सासूबाईंनी उडी घेतली, स्वतःही सोफ्यावरून उठल्या, आणि हवेतल्या हवेत साखळी फिरवली. तिसरा पडदा फाटत खाली आला. दरबारभर ऊन सांडलं. पांढरा हात चेहऱ्यावर धरून मागे गेला, गुडघ्यांवर आला आणि राखेचा ढीग होऊन पडला.

मग सासूबाईंनी अशी काही किंकाळी फोडली की खिडकीवरची कबुतरं उडाली. लेक कन्सोल न सोडता बसल्या जागी नाचू लागली. "मारला! आई, तू त्याला मारलास!" जावयाने डावा हात वर केला, सासूबाईंनी उजव्या हाताने त्यावर सणसणीत टाळी दिली. मग त्याने नकळत उजवा हातही पुढे केला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत अलगद धरला आणि हसता हसता डोळे पुसले. पडद्यावर मुलगी भावाला घेऊन किल्ल्याबाहेर येत होती.

तेवढ्यात दार धडाधड वाजलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक घाबऱ्या चेहऱ्याने उभे होते. "काय झालं? कोण पडलं?"

"तो पडला!" सासूबाईंनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "या ना आत, या, बसा. पहिल्यापासून सांगते."

शिक्षकांना बसावंच लागलं. सासू आणि जावई दोघं एकाच वेळी बोलू लागले, एकमेकांची वाक्यं तोडत, हातवारे करत. लेक चहा टाकायला उठली आणि जाता जाता आईची भरलेली बॅग उचलून पुन्हा आतल्या खोलीत ठेवून आली.