थोरला पिलिंग, धाकटा पिलिंग

क्लिफर्ड शेरीचे पेले आणायला उठला तसा नॉर्मन त्याच्या रिकाम्या खुर्चीत टेकला. गुडघा सकाळपासून ठणकत होता. शेजारी म्हातारे डनेट सर बसले होते, काठी दोन गुडघ्यांत धरून. एके काळी लॅटिन शिकवायचे. आता माणूस म्हणजे उजेडातली एक सावली, एवढंच त्यांना दिसायचं. माजी विद्यार्थ्यांच्या जेवणाला दरवर्षी कुणीतरी त्यांना गाडीतून आणायचं, मानाच्या जागी बसवायचं, आणि मग सगळे त्यांना विसरून जेवणावर तुटून पडायचे.

सरांनी चाचपडत त्याची बाही धरली.

"आलास का रे, पिलिंग? थोरला ना तू?"

नॉर्मन धाकटा होता. पण सरांना आता कमीच ऐकू यायचं, आणि त्याने तोंड उघडेपर्यंत ते पुढचं बोलू लागले होते.

पिलिंग दोन होते. नात्याने एकमेकांचे कुणीच नव्हते. लँकाशायरच्या त्या गावात दगड भिरकावला तर तो एखाद्या पिलिंगलाच लागायचा. पण ग्रामर स्कूलमध्ये पोराला पहिलं नाव नसायचं. हाक आडनावाने, आणि एकाच आडनावाचे दोघे निघाले तर वयाने मोठा तो थोरला, दुसरा धाकटा. क्लिफर्ड जेमतेम महिन्याने मोठा. तेवढ्या भांडवलावर तो जन्मभराचा थोरला झाला. नॉर्मनच्या लग्नात नवरदेवाशेजारी उभं राहून अंगठी सांभाळली ती त्याने, आणि नॉर्मनच्या मुलाचं नावही क्लिफर्डच आहे.

त्याला कारण होतं. ते चौदा वर्षांचे असताना लोमॅक्सने परीक्षेचा लॅटिनचा पेपर चोरला. लोमॅक्स म्हणजे शाळेचा सगळ्यात वेगवान गोलंदाज, वर्गाच्या गळ्यातला ताईत. कुणीतरी चुगली केली आणि त्याला शाळेतून काढून टाकलं. डनेट सरांच्या दारावरून जाणाऱ्या एका पोराने आतून एवढंच ऐकलं होतं, "बरं केलंस, पिलिंग." कुठला पिलिंग, हे ठरवायला वर्गाला फार डोकं चालवावं लागलं नाही. धाकट्याचा बाप पोलीस हवालदार होता. त्या पोराने नावच चुकीचं ऐकलं असणार, असं धाकटा धरून चालला.

वर्गाने धाकट्याला कॉव्हेंट्रीला धाडलं. म्हणजे जायचं कुठेच नसतं. आपल्या बाकावर बसायचं, आणि आपल्याशी कुणी बोलायचं नसतं. ईस्टरपासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्याच्याशी कुणी शब्द बोललं नाही. जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा कुणी पुढे सरकवलं नाही. अपवाद एकट्या थोरल्याचा. शाळा सुटली की कालव्याच्या पुलावर तो त्याला गाठायचा, आधी मागे वळून पाहायचा, कुणी बघत नाही ना, आणि मग बोलायचा. गोळ्या-चॉकलेटं तेव्हा रेशनवर मिळायची. आपली पुदिन्याची गोळी दाताने तोडून तो अर्धी धाकट्याला द्यायचा. त्या अर्ध्या गोळीवर मी ते दिवस काढले, असं नॉर्मन बायकोला, एडनाला, अजून सांगायचा, आणि त्यात काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

"त्या लोमॅक्सचं तू मला येऊन सांगितलंस ना," डनेट सर म्हणत होते, "ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही बघ."

नॉर्मनचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"तुझं नाव मी कुठे काढलं नाही हं. शब्द दिला होता तुला. हेडमास्तरांनी खोदून खोदून विचारलं, तरी नाही. पण मग ते शेकलं त्या दुसऱ्या पोरावर. काय तो, हवालदाराचा..."

"धाकटा," नॉर्मन म्हणाला.

"धाकटा! तू रडत आला होतास माझ्याकडे. म्हणालास, आता काय करू, सर? मी म्हटलं, वर्गाला खरं सांगून मोकळा हो. तर म्हणालास, ते माझ्याच्याने नाही व्हायचं. मग म्हटलं, निदान घरी जाताना तरी त्या पोराशी दोन शब्द बोलत जा बाबा. बाकी काही नाही जमलं तरी एवढं कर." म्हाताऱ्याने मान त्याच्याकडे वळवली. "बोललास का रे?"

पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी विनोदावर सगळे खदखदून हसले. नॉर्मनने ते ओसरेपर्यंत वाट पाहिली.

"हो, सर," तो सरांच्या कानाशी वाकून म्हणाला. "रोज बोललो."

"शाबास," सर म्हणाले आणि त्याची बाही थोपटत राहिले.

तेवढ्यात क्लिफर्ड दोन पेले सांभाळत आला आणि सरांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने ओरडला, "ए धाकट्या! माझी जागा पटकावलीस होय? ऊठ, ऊठ. सर, हा तुम्हाला पिडत तर नव्हता ना?"

सरांचा हात थांबला. मग तो बाहीवरून निघाला आणि काठीची मूठ शोधू लागला. नॉर्मन गुडघ्यावर हात टेकून उठला, त्याने खुर्ची क्लिफर्डसाठी सरळ केली आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला. समोरच्या ताटातलं त्याने काही खाल्लं नाही.

चुगलीचा त्याला राग नव्हता. पोरं घाबरतात, चुकतात. आपल्या जागी दुसरा मार खातोय हे बघून गप्पही बसतात. त्याला सलत होतं ते पुलावरचं बोलणं. आयुष्यात ज्या एका गोष्टीच्या भरवशावर त्याने माणसांवर विश्वास टाकला, ती गोष्ट सरांनी दिलेला गृहपाठ निघाली. थोरल्याने तो नेमाने केला, एवढंच. अर्धी गोळीही सरांनीच सांगितली होती की ती त्याची त्याने दिली, हे आता कुणाला विचारायचं?

परतताना नेहमीप्रमाणे गाडी क्लिफर्डच चालवत होता.

"आपल्या वर्गातला तो बूथ किती सुटलाय, बघितलंस? खुर्ची कण्हत होती बिचारी."

नॉर्मन काचेतून समोर बघत होता.

"पुडिंग मात्र झकास होतं. कस्टर्ड सोडून. ते आपल्या वेळचंच उरलेलं असणार." क्लिफर्ड स्वतःच हसला. गिरणीच्या जागी झालेलं नवं दुकान मागे पडलं, चर्च मागे पडलं. त्याने कोटाच्या खिशातून पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी काढून पुढे केली. "घे."

नॉर्मनचे हात मांडीवरच राहिले. पुडी थोडा वेळ दोघांच्या मधे तशीच धरलेली राहिली.

"एडनाशी भांडून आलायस का? की गुडघा?" क्लिफर्डने एकदा त्याच्याकडे, एकदा रस्त्याकडे पाहिलं. "अरे, बोल ना काहीतरी. कॉव्हेंट्रीला धाडलंस की काय मला?"

तो त्यावरही हसायला गेला. पण ते हसू अर्ध्यातच राहिलं, आणि त्याने पुडी हळूच पुन्हा खिशात घातली.

पुढे कालव्याचा पूल आला. क्लिफर्डने गाडीचा वेग कमी केला आणि आरशात मागे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"नॉर्मन," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत या नावाने त्याने कधी हाक मारली नव्हती. नॉर्मन खिडकीतून कालव्याच्या पाण्याकडे बघत राहिला.