दप्तर कोण भरायचं?

"तुमच्या लहानपणाबद्दलच्या प्रश्नावलीत आईंनी सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली आहे," मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "तुमची उत्तरं मात्र सगळी 'नेहमी'. लक्ष न टिकण्याचा त्रास लहानपणापासून होता असं दिसल्याशिवाय मला निदान करता येत नाही."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायची. अलीकडेच दोनदा तिनं डावी काच उजवीकडे बसवली होती. आता पुन्हा चुकलीस तर घरी बस, असं मालकानं तोंडावर सांगितलं होतं. निदान नाही, तर औषधही नाही.

ती ताडकन उठून बाहेर आली. आई बाकावर बसली होती.

"काय लिहून ठेवलंस हे? वस्तू हरवते, कधीच नाही! काम अर्धवट सोडते, कधीच नाही! माझं कौतुक करायला बोलावलं होतं का तुला?"

"हळू बोल, लोक बघतायत. एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही मी. शाळेत कधी काही हरवलंस तू?"

"तू हरवू दिलंस कुठे! दप्तर तू भरायचीस. डबा राहिला की धावत यायचीस. गृहपाठ संपेपर्यंत मानेवर बसायचीस!"

"त्यात काय मोठंसं? सगळ्या आया करतात."

"दादाचं भरायचीस दप्तर?"

दादाचं दप्तर कसलं होतं, हेसुद्धा आईला आठवेना. ती उठली आणि न विचारता आत शिरली. मागोमाग लेक.

"काकू, भरलेली उत्तरं बदलता येत नाहीत," बाई म्हणाल्या.

"बदला कोण म्हणतंय? तुमचा प्रश्नच धड नाही! हरवायची का, असं विचारलंत. शोधून कोण द्यायचं, ते का नाही विचारलंत?"

बाईंनी पेन उचललं. "कोण द्यायचं?"

"मी! अजूनही मीच. ही बघा." आईनं खुर्चीला लटकत राहिलेली लेकीची पर्स काढली आणि सवयीनं स्वतःच्या खांद्याला लावली.

"बसा दोघी," बाई म्हणाल्या. "पहिलीपासून सांगा."

"आण ती इकडे," लेकीनं पर्स हिसकावली. राग उतरला नव्हता. ती आईशेजारी बसली, पण खुर्ची हातभर लांब सरकवून.