मुक्या धक्क्याचं शेवटचं रीळ

माझा शेवट जाळून टाका, असा हुकूम तुम्ही दिलात. होय, तुम्हीच. लोकांनी काय बघावं आणि काय बघू नये हे कचेरीत बसून ठरवणारे तुम्ही. नाव घेत नाही, कारण तुमच्या खुर्चीवरची माणसं बदलत गेली, खुर्ची मात्र हलली नाही. हुकूम देताना तुम्ही मला एकदा पुरतं बघितलंही नव्हतंत.

मित्रांनो, मी ब्युनोस आयरिसचा एक जुना सिनेमा आहे. काळा-पांढरा, गुन्हेगारीचा, स्पॅनिश बोलणारा. माझं नाव 'मुका धक्का', म्हणजे बोटी लागतात तो धक्का. हल्ली मी चकती होऊन चकचकीत डबीत मिळतो. कोणीही यावं, मला घरी न्यावं आणि पाय पसरून बघावं. पण जन्मलो तेव्हा मी लांबलचक फीत होतो आणि पत्र्याच्या गोल डब्यांत राहायचो.

माझ्यातलं धुकं खरं नव्हतं, बरं का. तेलात भिजवलेल्या चिंध्या पिंपात जाळायचे आणि सगळे खोकत उभे राहायचे. निदिया फेरान्ते ही माझी नायिका. तेव्हा अगदी तरुण पोर. पातळ बुटांत ओल्या फरसबंदीवर कुडकुडायची, आणि मध्येच कोणीतरी येर्बा नावाच्या पाल्याच्या कडू काढ्याने भरलेला भोपळ्याचा पेला तिच्या हातात द्यायचं.

माझी गोष्ट साधी आहे. डोरा नावाची मुलगी लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करते. गोदीत काम करणारा तिचा भाऊ नाहीसा होतो. ती त्याला शोधत धक्क्यावर पोहोचते, तर तिथे पोलीस कमिशनर त्याच भावाचा कोट पाण्यात टाकत असतो. तो विचारतो, "काय पाहिलंस तू?" ती म्हणते, "सगळं." आणि वळून सरळ आपल्याकडे चालत येते. संपलं. गोळी नाही, बेड्या नाहीत.

हे 'सगळं' तुम्हाला झोंबलं, कचेरीवाल्यांनो. नवा शेवट एका दुपारी उरकला गेला. त्यात कमिशनर हरवलेल्या भावाला हाताला धरून घरी आणतो आणि डोरा कमिशनरचे हात चुंबते! थिएटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या. मित्रांनो, तुमच्याकडे शिट्टी म्हणजे शाबासकी. आमच्याकडे शिट्टी म्हणजे शिवी. मी पडद्यावर शरमेने मेलो.

पण माझा खरा शेवट मेला नव्हता. तो वाचवला इर्मा स्कालीझेने. इर्मा म्हणजे स्टुडिओत फीत कापणारी-जोडणारी बाई. डबा न्यायला तुमच्या कचेरीची दोन माणसं तिच्या टेबलाशी आली.

"हाच का तो?" एकाने विचारलं.

"वास घेऊन बघा ना. पापाचा येतोय का?"

"जीभ आवर, बाई."

तिने कापून फेकलेल्या तुकड्यांनी भरलेला डबा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी उघडूनसुद्धा बघितलं नाही. अंगणात रॉकेल ओतून तो पेटवला, त्यावरच सिगारेट शिलगावली आणि गेले.

आता मला लपवायचं कुठे? आमच्याकडे गुड फ्रायडेला एकूण एक पडद्यावर प्रभू येशूच्या दुःखाचाच सिनेमा लागायचा. वर्षभर धूळ खाल्लेली ती रिळं त्याआधी डागडुजीला यायची. शहराशेजारच्या आवेयानेदा वस्तीतल्या चर्चची रिळं इर्माच्याच टेबलावर होती. शेवटचं रीळ फारच फाटलं होतं म्हणून तिने ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं होतं. त्याच्या रिकाम्या डब्यात तिने मला ठेवलं. सोमवारी हळूच घरी न्यायचं ठरवलं.

मध्ये रविवार आला. इर्मा इटालियन घरातली, आणि रविवारी आईच्या हातची सारण भरलेली रावियोली चुकवली तर त्या घरांत माणूस मेला असं धरतात. इर्मा जेवायला गेली आणि नेमका तेव्हाच चर्चचा सेवक एलिसेओ स्टुडिओच्या पहारेकऱ्याकडून सगळे डबे घेऊन गेला.

गुड फ्रायडे उजाडला. चर्चचा हॉल काळ्या शालींनी भरलेला. प्रभूने क्रुसावर प्राण सोडले, बायका हुंदके देऊ लागल्या, आणि पुनरुत्थानाच्या जागी पडद्यावर आलो मी. धुकं, धक्का, टोपीवाला माणूस. बायकांना वाटलं, ही येशूच्याच गोष्टीतली माणसं.

"अगं, हा पिलात टोपी घालून कुठे निघाला?"

"गप गं. पुढे कळेल."

"मग ही मग्दालेना का? किती वाळलीय!"

फादर बोनिफासिओ उठले. थांबवा म्हणून त्यांनी हात वर केला. इतक्यात कमिशनरने विचारलं, "काय पाहिलंस तू?" तिथे बसलेल्या कितीतरी जणींची माणसं पोलिसांनी संपात उचलून नेली होती.

"सगळं," डोरा म्हणाली.

कोणी शिट्टी मारली नाही. फादरांचा हात वरच राहिला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आमेन."

आठवडाभर तुमची माणसं स्टुडिओत पाळतीवर होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुठे इर्मा धापा टाकत आली. "फादर, माझा डबा द्या."

"तुझा? त्यावर तर प्रभूचं नाव आहे."

"थट्टा नको. मला तुरुंगात घालतील."

"म्हणून तर इथेच राहू दे. प्रभूच्या डब्याची झडती घ्यायला अजून कोणी आलं नाही. पण काय गं, आमचं पुनरुत्थान कुठाय?"

"माझ्या भिंतीवर. खिळ्याला."

"जप त्याला. पुढच्या वर्षी लागेल."

मी हॉलच्या स्टेजखाली गेलो. वर्षं लोटली, आधी फादर वारले, मग इर्मा वारली, आणि माझा पत्ता ठाऊक असलेलं कोणी उरलं नाही. बाहेर निदिया मात्र भेटेल त्याला सांगत राहिली, "मी वेगळा शेवट केला होता, तो खरा होता." तुम्ही वर्तमानपत्रांना ठणकावून कळवलंत, 'असा कोणताही शेवट कधी चित्रित झालेला नाही.' झालं. निदिया खोटारडी ठरली. तिची कामं गेली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला फाउस्तो पाव देताना हसायचा, "काय दोन्या निदिया, आज कोणता शेवट?" दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

इकडे मी कुजत होतो. जुनी फीत सडली की तिला व्हिनेगरचा वास सुटतो. हॉलच्या स्वयंपाकघरात चर्चच्या बायका वांगी व्हिनेगरमध्ये मुरवायच्या. तिथे भांडण जुंपलं.

"पिएरीना, तुझीच बरणी फुटलीय."

"माझी? वास तुझ्या नाकातच आहे, चोला!"

भांडत भांडत दोघी दिवा घेऊन स्टेजखाली उतरल्या आणि माझ्यापाशी पोहोचल्या. चोलाने मला उचलून जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म क्लबच्या ग्रिसेल्दाकडे नेलं. ग्रिसेल्दाने झाकण उघडलं, नाक दाबलं, फितीचं टोक उजेडात धरलं आणि त्यात डोराला ओळखलं. "आणखी एखादा उन्हाळा, आणि हा गेला असता," ती म्हणाली.

त्यांनी मला धुतलं, सांधलं, एकेक चित्र नव्याने टिपलं. माझा खरा शेवट मला परत मिळाला. तुमचा तो खोटा शेवट आता चकतीच्या कोपऱ्यात 'हेही पाहा' म्हणून पडलाय. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं!

ग्रिसेल्दा मला निदियाच्या घरी घेऊन गेली. निदिया आता नव्वदीला टेकलेली. फाउस्तोही गोड पावांची पिशवी घेऊन आला होता. पण निदिया मला लावूच देईना.

"नको गं. आणि मलाच चुकीचं आठवत असलं तर? इतकी वर्षं मीच वेडी असले तर?"

"तर मी रोज फुकट पाव देईन," फाउस्तो म्हणाला.

मी सुरू झालो. धुकं आलं, धक्का आला, कोट पाण्यात पडला. "सगळं," पडद्यावरची पोर म्हणाली. खोलीतली म्हातारी श्वास रोखून बसली होती. तिने तो सोडला आणि तिला हसू फुटलं.

"बूट किती चावत होते मला तेव्हा! पण आवाज बघ. जरासुद्धा हलला नाही."

फाउस्तोने डोक्यावरची टोपी काढली. "दोन्या निदिया, मी गाढव आहे."

"ते मला कधीचं ठाऊक आहे. पाव दे इकडे."

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, देवळाच्या कोठीत असे डबे पडले असतील. उघडा ते. आत कोणाचा तरी खरा शब्द सडत असेल.

निदियाने मग माझी डबी उलटून पाहिली. मागे शिक्का होता. तुमचा, कचेरीवाल्यांनो. खाली छापलं होतं, 'हा अमोल ठेवा आम्ही जतन केला.'

"हे इथे काय करतायत?"

ग्रिसेल्दा मान खाली घालून म्हणाली, "शिक्क्याशिवाय विकायची परवानगी देत नव्हते."

तर आता मी विचारतो. माझा असा शेवट कधी नव्हताच, हे तुमचं. तो आम्हीच जपला, हेही तुमचंच. यातलं कोणतं खोटं, हे निदियाच्या दारात येऊन तिच्या तोंडावर सांगा. ती घरीच आहे. कधी येताय?